बुडायची पानं

दर शनिवारी सकाळी साडेदहाला बाइंडरकाका वाचनालयाच्या मागच्या दाराने यायचे. पुढचं दार सताड उघडं असायचं, तरी मागच्यानेच. "पुढून सभासद येतात, मी काही सभासद नाही," असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं पुस्तकांत कोपरापर्यंत हात घालून बसलेला माणूस, पण वाचनालयाचा सभासद नाही. मी एकदा फॉर्म पुढे केला. त्यांनी तो उलटा करून कागदाचा पोत अंगठ्याने चाचपला, "हलका आहे, दोन वर्षांत पिवळा पडेल," म्हणाले आणि कोराच परत दिला.

मी तिथली ग्रंथपाल. बावीस वर्षं त्या टेबलामागे काढली, त्यामुळे माणसं पुस्तकांशी कशी वागतात हे मला पाठ आहे. कुणी पान दुमडतो, कुणी चहाचा कप टेकवतो, कुणी मुखपृष्ठावरच्या नायिकेला मिशा काढतो. काका यातलं काहीच करत नसत, कारण ते वाचतच नसत. पुस्तक हातात आलं की आधी जुना पुठ्ठा सोलायचा, पाठीवरचा वाळलेला सरस खरवडायचा, दोरा कापायचा आणि फर्मे सुटे करायचे. फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद दुमडून होणारी सोळा पानांची घडी. असे पंधरा-वीस फर्मे एकापाठोपाठ एक शिवले की पुस्तक होतं. फाटक्या घडीला पातळ कागदाची पट्टी लावायची, क्रम तपासायचा आणि पुन्हा शिवायचं. "यात डोळा मजकुरावर गेला की हात थांबतो," काका सांगायचे. "मी पुस्तकाचं पोट बघतो, ताई. तोंड तुम्ही बघा."

क्रमाच्या बाबतीत मात्र ते महाकडक. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक पान हरवलं नव्हतं की एक फर्मा उलटा शिवला गेला नव्हता. वाळवीने अर्धं खाल्लेलं पान असलं तरी उरलेला अर्धा तुकडा जागच्या जागी चिकटवून द्यायचे. मी म्हटलं, "काका, या तुकड्यावर नुसतं 'आणि' आणि 'परंतु' उरलंय." तर म्हणाले, "उरलंय ना? मग ते पुस्तकाचं आहे."

आता त्या कपाटाबद्दल. आमच्याकडे सात नंबरच्या कपाटात समुद्रावरच्या लढायांच्या कादंबऱ्या होत्या, साठ-एक. त्यांच्याबद्दलचं माझं मत मी कधी लपवलं नाही. प्रत्येकीत एक करारी कप्तान, त्याला एक जुनी जखम, एक घाबरट अधिकारी जो शेवटी शूर निघतो, दोनशे पानं तोफा आणि धूर, आणि घरी वाट बघणारी एक बायको, जिच्या वाट्याला दोन ओळी. लेखकाला बोटीच्या प्रत्येक स्क्रूचं नाव तोंडपाठ, बायकोचं मात्र दीडशेव्या पानावर बदललेलं. असल्या पुस्तकांपायी झाडं तोडली जातात याचा मला राग यायचा, आणि तो मी सभासदांच्या तोंडावर बोलून दाखवायचे.

हे कपाट चालत होतं ते एका माणसाच्या जिवावर. ते एक निवृत्त पोस्टमास्तर होते आणि सगळं वाचनालय त्यांना ॲडमिरल म्हणायचं. आयुष्यात ते तळ्यातल्या होडीतसुद्धा बसले नव्हते, कारण त्यांना बोट लागायची. न बसताच लागते हे कसं कळलं, असं मी एकदा विचारलं, तर गंभीरपणे म्हणाले, "वाचतानाच लागते." कमिटीने जागेसाठी सात नंबरचं कपाट मोडीत काढायचं ठरवलं आणि मी दोन्ही हात वर करून पाठिंबा दिला, तेव्हा हेच ॲडमिरल तेवीस सह्यांचा अर्ज घेऊन आले. त्यातल्या एकोणीस एकाच पेनने आणि एकाच वळणाच्या होत्या, पण कमिटीला वाद नको होता. निर्णय झाला की जी पुस्तकं बांधून टिकतील ती ठेवायची आणि बाकीची रद्दीत घालायची. म्हणजे सगळा मामला बाइंडरकाकांच्या हातात गेला.

काकांना एक मुलगी. बायको गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तिचं बालपण काकांच्या कामाच्या टेबलाखाली गेलं. अक्षरं ओळखायला लागली तशी ती तिथे बसून सुटे फर्मे वाचायची. तिची गोष्ट कधी सातव्या फर्म्यापासून सुरू व्हायची, कधी अकराव्या, आणि शेवट शनिवारी सकाळी पिशवीतून निघून जायचा. मी तिला दोन-चारदा पाहिलेलं होतं. गुडघ्यावर सरसाचे डाग आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. तीच मुलगी मोठी होऊन नौदलात गेली. युद्धनौकेवर, संदेश पाठवायच्या खात्यात.

निघताना बापलेकीचं दुकानाच्या दारात कडाक्याचं भांडण झालं. नेमकं काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दीड वर्ष दोघांत अबोला होता. बोट बंदराला लागली की ती मावशीला फोन करायची आणि मावशी काकांना खुशाली कळवायची. काका "बरं" म्हणून फोन ठेवायचे. गेल्या तीन महिन्यांपासून पेपरात दूरच्या एका सामुद्रधुनीत मालवाहू जहाजांवर हल्ले होत असल्याच्या बातम्या येत होत्या, आणि तिची नौका त्या जहाजांच्या सोबतीला गेली होती. आम्ही सगळे काकांसमोर पेपरची घडी घालून ठेवायचो. ते घडी उघडायचे नाहीत, पण पेपर हलवायचेही नाहीत.

असं सगळं मला माहीत असताना, एका शनिवारी काकांनी सात नंबरच्या कपाटातली पाच पुस्तकं पिशवीत भरता भरता विचारलं, "ताई, ही वाचण्यासारखी असतात का हो?"

मी रजिस्टरमध्ये मान घालून बसले होते. वरसुद्धा बघितलं नाही. "वेळ फुकट, काका. एक वाचलं की साठ वाचल्यासारखी. सगळ्यांत तेच, धूर, तोफा, आणि शेवटी जहाज बुडतं."

"बुडतंच?"

"बुडल्याशिवाय पुस्तक संपतच नाही," मी म्हटलं. माझ्या मते मी फार चुरचुरीत बोलले होते. काकांनी पिशवीची गाठ मारली आणि मागच्या दाराने गेले. त्यांनी विचारलं ते कशासाठी विचारलं, हे मला दोन महिने सुचलं नाही. जीभ चालते तेव्हा माझं डोकं बऱ्याचदा सुट्टीवर असतं.

दोन महिन्यांत नऊ पुस्तकं बांधून आली. देखणं काम होतं, नवं कापड, ताठ पाठ, हाताला गुळगुळीत कडा. मी ती लगेच मांडली, आणि ॲडमिरल लगेच घेऊन गेले. मग एका संध्याकाळी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, एक तक्रार आहे."

"बोला."

"गेल्या दोन महिन्यांत माझं एकही जहाज बुडालेलं नाही."

मला वाटलं, यांचं वय झालं. पण ॲडमिरल पुढे बोलतच राहिले. "ही सगळी मी आधी वाचलेली आहेत. सगळी बुडाली होती. मी स्वतः बघितली आहेत बुडताना. आता काय होतं, पाणतीर येऊन आदळतो, घंटा वाजते, दिवे जातात, मी श्वास रोखून पान उलटतो, तर मंडळी किनाऱ्यावर कॉफी पीत बसलेली. कपडे कोरडे. हे युद्ध आहे की सहल?"

त्यांनी पूर्वीसारख्याच लाल कापडात बांधलेलं पुस्तक माझ्यापुढे उघडलं. पान एकशे ब्याण्णव, आणि त्याच्या शेजारी पान दोनशे नऊ. मधली सोळा पानं नव्हती. ती फाटलेली, गळून पडलेली नव्हती. शिवण अशी घट्ट आणि सरळ की पुस्तक जन्मापासूनच तेवढं आहे असं वाटावं. मी बाकीची आठ काढली. एकातून सोळा, एकातून बत्तीस, प्रत्येकातून काहीतरी गेलेलं, आणि गेलेलं नेमकं तेच. नऊ कादंबऱ्यांतली नऊ जहाजं तरंगत राहिली होती.

मला राग आला हे खरं आहे. मला ती पुस्तकं आवडत नव्हती, पण नावडत्या पुस्तकाचीही पानं काढायची नसतात. त्यापेक्षा मोठा धक्का हा होता की हे काकांनी केलं होतं, वाळवीचा तुकडा चिकटवणाऱ्या काकांनी. सोमवारी वाचनालय बंद असतं. मी सकाळीच त्यांच्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारात उजेडासाठी टेबल, त्याच्या मागे लोखंडी दाबयंत्र, भिंतीला टेकवलेले पुठ्ठ्यांचे ताव, स्टोव्हवर सरसाचं भांडं. काका मधोमध बसून शिवत होते. माझ्या हातातलं लाल पुस्तक बघितलं आणि त्यांनी सुई टेबलाच्या कडेला टोचून ठेवली.

"फेकले नाहीत," ते म्हणाले. "सगळे आहेत."

दाबयंत्राखालचा खण त्यांनी ओढला. आत नऊ पुडकी होती. प्रत्येक स्वच्छ पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं, वर पुस्तकाचं नाव, फर्म्याचा आकडा, पानांचे आकडे. एखाद्याचे दागिने सांभाळायला ठेवावेत तशी ती ठेवलेली होती. माझा राग तिथेच निम्मा झाला, पण मी आवाज कडक ठेवला. "का, काका?"

"जुनी खोड आहे." ते हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते. "पोरगी लहान होती. टेबलाखाली बसून वाचायची. सात नंबरच्या कपाटातली तिला फार आवडायची, समुद्र, जहाजं. एकदा त्यात बुडायचं आलं. तीन दिवस जेवली नाही नीट. अंथरुणात उठून बसायची, विचारायची, ते कुठे गेले सगळे. तेव्हापासून मी काय करायचो, फर्मे सुटे केले की बुडायचं कुठे येतंय ते शोधायचो आणि तो फर्मा काढून ठेवायचो. आयुष्यात मी तेवढंच वाचलंय, ताई. तेही चाळत, बुडायचं कुठे येतं एवढं बघायला. ती खालून हात वर करायची, बाबा, पुढचा द्या ना. मी त्याच्या पुढचा द्यायचो."

"आणि मग?"

"मग शुक्रवारी परत शिवून टाकायचो जागच्या जागी. पुस्तकाला मी कधी कमी पडू दिलं नाही." त्यांनी खणातलं एक पुडकं सरळ केलं. "तिला कमी दिलं. त्यानंतर तिच्या डोक्यातलं एकही जहाज कधी बुडालंच नाही. मग ती समुद्रावर जाणार नाही तर कुठे जाणार? मीच पाठवलं की तिला. आणि वर मीच भांडलो."

स्टोव्हवरचा सरस खदखदायला लागला होता. त्यांनी उठून आच कमी केली आणि पाठ माझ्याकडे असतानाच पुढचं बोलले. चेहरा बघून त्यांना ते बोलता आलं नसतं.

"निघाली तेव्हा बॅग हातात होती तिच्या. इथेच उभी होती, दारात. मी तिला म्हणालो, जा, बूड जाऊन." ते वळले. "आपल्या लेकीला, ताई. रागाच्या भरात बोललो. ती बॅग घेऊन गेली. आता ती तिथे, त्या पाण्यात, आणि तुम्ही पुस्तकं पाठवलीत. म्हटलं वाचून बघू, कशी राहते, काय खाते, काय बघते. वाचायला लागलो. रोज थोडं थोडं. पण बुडायचं आलं की माझा हात चालत नाही. मी बोललो तेच छापलेलं असतं तिथे. ते मी माझ्या हाताने शिवू?"

मला माझं वाक्य आठवलं, बुडल्याशिवाय पुस्तकच संपत नाही. या माणसाने कधी नव्हे तो एक प्रश्न विचारला होता, आणि मी त्याला शाळकरी विनोद ऐकवला होता. मला माझीच लाज वाटली. माफी मागावी म्हटलं तर शब्द सापडेनात, म्हणून मी ग्रंथपालाला शोभेल असं काहीतरी विचारलं. "काका, बुडण्याचं हे सगळं तुम्ही वाचलंत?"

"नाही. घंटा वाजली की थांबतो."

"म्हणजे पुढे काय होतं ते माहीत नाही?"

"बुडतं. तुम्हीच म्हणालात."

इथे मला खरं बोलणं भाग पडलं. "मी म्हणाले. पण काका, मीही वाचलेलं नाही. कॉलेजात असताना दोन अर्धवट वाचली होती. बाकी अठ्ठावन्न मी नुसत्या मलपृष्ठावरून रद्दीत काढत होते." हे मी त्याआधी कुणाजवळही कबूल केलं नव्हतं.

 मग खण अजून उघडाच होता त्यातून त्यांनी वरचं पुडकं काढलं, कागद सोडवला आणि माझ्यापुढे ठेवलं. लाल पुस्तकाचा तेरावा फर्मा. "मोठ्याने वाचाल?" त्यांनी विचारलं. टेबलाखाली एक छोटं स्टूल होतं, ते ओढून बसले आणि मान खाली घातली.

मी वाचायला लागले. लिहिणं ओबडधोबड होतं, ते मी आजही सांगेन. विशेषणं ढिगाने. पण त्या पानांत कप्तान जवळजवळ नव्हताच. तिथे होता जहाजाचा आचारी, लठ्ठ, घामट, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. हा आचारी रोज दुपारी भांडी आटोपली की आपल्या झोपायच्या जागेपासून वरच्या दारापर्यंत डोळे मिटून चालत जायचा आणि पावलं मोजायचा. पोरं त्याच्या वाटेत बादल्या ठेवायची, हसायची. मग पाणतीर आदळला. दिवे गेले, धुराने डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. जो तो दाराच्या शोधात भिंतींवर आपटत होता. आणि त्या अंधारात आचारी मोठ्याने मोजायला लागला. एक, दोन, तीन. मागच्याने त्याचा सदरा धरला, त्याच्या मागच्याने त्याचा. एकतिसाव्या पावलाला शिडी होती.

सदऱ्याची ओळ मी न सांगता दोनदा वाचली. चांगलं लिहिलेलं असतं तर मी सावध राहिले असते, या पुस्तकाने मला बेसावध गाठलं. दोनशे आठव्या पानावर जहाज बुडालं. काकांनी मान वर केली.

"किती सुटले?"

"आचाऱ्यामागे सात जण. बाकीचे धरून सगळे मिळून एकशे बारा."

"आचारी?"

"तोही. होडीत बसून कुरकुर करतोय की भांडी राहिली."

काका हसले नाहीत. "एकशे बारा," ते म्हणाले. फर्मा त्यांनी हातात घेतला, कडा टेबलावर आपटून सरळ केल्या. "मला वाटत होतं बुडालं की संपलं. एकशे बारा लोक वर आलेले असताना मी त्यांना खणात कोंडून ठेवलं." मग म्हणाले, "हे तिला माहीत नसणार. पावलं मोजायचं."

"काका, नौदलात हे सगळं शिकवत असतील. तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल."

"असेल. पण मी दिलं नाही ना तिला." आणि मग, सुई शोधत, "तर मग वाचण्यासारखी असतात का, ताई?"

"काही पानं," मी म्हटलं. एवढं कबूल करायलाही मला कष्ट पडले.

पुढच्या सोमवारी तिची नौका एका बंदरात एक दिवस थांबणार होती. मावशीला तसा निरोप आला होता. तिथून नौका पुन्हा त्याच सामुद्रधुनीत जायची होती. काकांनी आपणहून मेहुणीला फोन केला, हा दीड वर्षातला पहिलाच, आणि सांगितलं की पोरीला म्हणावं, दुकानावर फोन लाव, मी वाट बघतोय. लावेल की नाही ते कुणीच सांगू शकत नव्हतं. शनिवारी मागच्या दारातून निघताना ते मला म्हणाले, "सोमवारी येऊन बसाल? माझ्या तोंडाचा भरवसा नाही मला. काही वेडंवाकडं बोलायला लागलो तर फोन काढून घ्या."

मी दहापासून जाऊन बसले. मी परत नेऊन दिलेली नऊही पुस्तकं त्यांनी पुन्हा सोडवली होती आणि काढलेले फर्मे आपापल्या जागी ठेवून शिवायला घेतली होती. लाल पुस्तक हातात होतं. बारावा फर्मा, त्यावर तेरावा. फोन टेबलावर, सरसाच्या भांड्यापासून लांब, खाली स्वच्छ कापड घातलेला. अकरा वाजले, बारा वाजले.  पाऊण वाजता फोन वाजला, आणि काकांचे हात सरसाने भरलेले होते. मीच बटण दाबलं आणि स्पीकर सुरू केला.

"बाबा?"

"हं."  मग, "जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"जेवलो," सकाळपासून पाण्यावर असलेले काका म्हणाले. मागे समुद्रपक्षी ओरडत होते, कुणीतरी लोखंडावर काहीतरी ठोकत होतं.  मी त्यांना खूण केली, बोला.

"तू झोपतेस कुठे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"बोटीत. तुझी झोपायची जागा."

"खाली. सगळ्यात खालच्याच्या वरचा मजला." ती जपून बोलत होती. "का?"

"तिथून वरच्या दारापर्यंत पावलं किती?"

"मोजली नाहीत कधी. आमचा सराव असतो, बाबा. धोक्याची घंटा झाली की कुणी कुठून निघायचं ते ठरलेलं असतं."

"सराव वेगळा. मोजलेलं बरं असतं." आणि मग काकांनी तिला आचाऱ्याची गोष्ट सांगितली. वाईट सांगितली. बादल्यांचं आधी सांगितलं, धुराचं मागाहून, सदऱ्याचं विसरले आणि पुन्हा मागे आले. पण आकडा चुकले नाहीत, एकतीस पावलं आणि एकशे बारा माणसं.  संपल्यावर ती म्हणाली, "लाल पुस्तक ना, लठ्ठ आचाऱ्याचं? मी वाचलंय ते. त्यात हे नाही."

"तो फर्मा मी तुला दिला नव्हता."

पलीकडे ठोकण्याचा आवाज थांबला होता. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "आकडे उडायचे ना पानांचे. एकशे ब्याण्णव झालं की दोनशे नऊ."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं जपून लपवायचात, बाबा."

काकांनी डोळे मिटले. सरसाचे हात तसेच वर धरलेले होते. "आणि निघताना मी जे बोललो तुला," ते म्हणाले, "ते लक्षात आहे?"

ती लगेच 'काही नाही हो' असं म्हणेल, मुली म्हणतात तसं, असं मला वाटलं. ती म्हणाली, "आहे. शिडीवरून खाली उतरताना आठवतं."

"रोज?"

"रोज."

मी फोनकडे हात नेला, पण घ्यायची वेळ आली नाही. काका सरळ बोलले. "चुकलो मी. ते बोलायला नको होतं, कुणालाच, तुला तर नाहीच. आता माझं एक ऐक. खाली जा आणि वर ये. मोजत ये."

"आत्ता?"

"आत्ता."

"खाली फोन चालत नाही, बाबा. सगळं लोखंड आहे. तुटेल. मी वर आले की लावते."

"चालेल. मी आहे इथे."

फोन बंद झाला. काकांनी हात धुतले नाहीत की सुई उचलली नाही. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मी मनातल्या मनात शिड्या उतरत होते, आणि ते काय करत होते ते त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. ते मोजत होते. आठ मिनिटं झाली. बोटांवरचा सरस वाळून पांढरा पडला. मी उगाच फोन उचलून बघितला, चार्जिंग आहे की नाही ते, आणि पुन्हा कापडावर ठेवला. अकरा मिनिटांनी तो वाजला. या वेळी काकांनी माझी वाट बघितली नाही, वाळलेल्या बोटाने स्वतःच बटण दाबलं.

तिला धाप लागली होती. "सत्तेचाळीस पावलं, दोन शिड्या. येताना डोळे मिटून आले. एकदा डोकं आपटलं."

"आलीस वर?"

"आले, बाबा."

"रोज ये," काका म्हणाले.